विश्लेषण : एक लेखक, ६३ वर्षे, एकच नायक... ‘वेताळ’चे ली फॉक आज वाचकांच्या कसोटीवर उतरतात का?

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, १९७० आणि ८०च्या दशकांत वाढलेल्या पिढीला वेताळाची ओळख करून द्यावी लागत नाही. रेल्वे स्थानकावरचा पुस्तकांचा स्टॉल, गल्लीतली भाड्याने पुस्तके देणारी लायब्ररी आणि रद्दीवाल्याचे दुकान ही ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मिळण्याची ठिकाणे. वेताळ म्हणजेच ‘फँटम’. १७ फेब्रुवारी २०२६ रोजी त्याला ९० वर्षे पूर्ण झाली. त्यांपैकी ६३ वर्षे त्याच्या कथा मुख्यतः एकाच माणसाने लिहिल्या, ते म्हणजे ली फॉक. लहानपणी हे अंक अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचणारे आज पन्नाशी-साठीत आहेत. ‘फॉक खरोखर मोठा लेखक होता की आपले बालपण मोठे होते?’ हा त्यांच्या गप्पांतला प्रश्न आहे.

ली फॉक कोण होते?

अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. ‘जादूगार मँड्रेक’ ही त्यांची पहिली चित्रमालिका १९३४ मध्ये वृत्तपत्रांतून सुरू झाली आणि दोन वर्षांनी ‘फँटम’ आला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा हे पुढच्या अनेक अतिमानवी नायकांचे रूप १९३६ मध्येच वेताळाला मिळाले होते. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी अवतरला. फरक इतकाच, की वेताळाकडे कोणतीही दैवी शक्ती नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे लोकांना तो अमर वाटतो. आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. फॉक नाटकवालेही होते. दिग्दर्शन आणि निर्मिती सांभाळून त्यांनी १३ मार्च १९९९ रोजी निधन होईपर्यंत हे लेखन सुरू ठेवले.

हा कालखंड वेगळा का मानला जातो?

अमेरिकी कॉमिक्समध्ये नायक कंपनीच्या मालकीचा असतो आणि लेखक बदलत राहतात. ‘एक्स-मेन’ सलग १६ वर्षे, म्हणजे १९७५ ते १९९१, लिहिणाऱ्या ख्रिस क्लेरमाँट यांची कारकीर्द तिथे फार दीर्घ समजली जाते. फॉक यांची त्याच्या जवळपास चौपट आहे. मराठीत तुलना करायची तर भा. रा. भागवत (१९१०-२००१) आणि त्यांचा ‘फास्टर फेणे’ आठवतो. दोघे लेखक जवळपास एकाच वयाचे, आणि दोघांचा नायक एका हाती घडलेला. पण भागवतांना पुस्तक लिहून झाल्यावर थांबता येत होते. फॉक यांना रोज तीन-चार चौकटी द्यायच्या होत्या, शिवाय १९३९ पासून रविवारची स्वतंत्र कथाही.

या रोजच्या रतिबाचा परिणाम पहिल्याच कथेत दिसतो. वेताळ म्हणजे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुण, अशी फॉक यांची मूळ कल्पना होती. कथा छापून येत असतानाच त्यांनी ती सोडली आणि नायकाला जंगलात नेले. कवटीची गुहा, शपथ, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा हे सारे पुढे रचत गेले.

चाहते कोणत्या गोष्टी मोठ्या मानतात?

पहिली गोष्ट म्हणजे वंशावळ. एकवीस पिढ्या असल्याने फॉक यांना चाचेगिरीच्या काळातली कथा सांगता येई आणि आजचीही. दुसरी गोष्ट, नायकाचे आयुष्य पुढे सरकते. वेताळ आणि डायना यांचे लग्न १९७७ मध्ये झाले आणि पाहुण्यांत मँड्रेकही होता. १९७९ मध्ये त्यांना किट आणि हेलॉइस ही जुळी मुले झाली. डायना केवळ संकटात सापडणारी नायिका राहिली नाही, ती संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते.

तिसरी गोष्ट चित्रकाराची. रे मूर यांनी मालिका सुरू केली, मग विल्सन मॅकॉय आणि १९६१ ते १९९४ या काळात साय बॅरी. बॅरी यांच्या पहिल्या दोन दशकांतल्या कथा अनेक चाहते सर्वोत्तम मानतात. त्यामुळे त्यातले किती श्रेय लेखकाचे आणि किती चित्रकाराचे, हा वाद मिटत नाही.

आक्षेप काय आहेत?

सर्वात गंभीर आक्षेप नायकाच्या रंगाचा आहे. काळ्या लोकांच्या जंगलात एक गोरा माणूस चारशे वर्षे न्याय करतो आणि तिथले लोक त्याला भिऊन-मानून असतात. ही वसाहतवादाची कथा आहे, हे लहानपणी लक्षात आले नाही, पण आज नजरेआड करता येत नाही. सुरुवातीच्या काळातील फॉक किपलिंग आणि टारझनच्या छायेत होते. भूगोलही धूसर होता. वेताळाचा देश आधी आशियात, भारताच्या आसपास होता. पुढे तो आफ्रिकेत गेला.

मात्र दीर्घ कारकिर्दीचा फायदा इथेच दिसतो. आफ्रिकी देश स्वतंत्र होऊ लागल्यावर, १९६०च्या दशकात, फॉक यांनी आपल्या काल्पनिक देशाला लामांडा लुआगा हे लोकनियुक्त कृष्णवर्णीय अध्यक्ष दिले. जंगल गस्ती दलाचे प्रमुखपदही कर्नल वोरुबू या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे आले. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीला मोडकी भाषा बोलणारा नोकर होता, तोही बरोबरीचा मित्र झाला. दर काही वर्षांनी लेखक बदलला असता तर जुन्या चुकांचा दोष आधीच्या लेखकावर ढकलता आला असता. फॉक यांना स्वतःचेच लेखन दुरुस्त करावे लागले. गोरा रक्षक हा गाभा मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. अखेरच्या वर्षांत कथाबीजे पुन्हापुन्हा येतात, हे निष्ठावंत चाहतेही मान्य करतात.

आपण वाचला तो फॉकच होता का?

मराठी वाचकासाठी हा खरा कळीचा प्रश्न आहे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ‘इंद्रजाल’ सुरू केले. आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक असा प्रवास करत ते १९९० मध्ये बंद पडले. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही ते निघत होते. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे होते.

पण या अंकांत बरेच काही बदललेले होते. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, कारण भारतात ‘सिंग’ हे कोट्यवधींचे नाव आहे. वेताळाच्या वडिलांच्या मारेकऱ्याचे ‘रामा’ हे नाव ‘रामालू’ झाले. देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले. पुढे १९९६च्या हॉलीवूडपटातही ‘सिंग’चे स्पेलिंग बदलावे लागले, मुंबईतल्या संपादकांना ते तीस वर्षे आधी उमगले होते. पाने मर्यादित असल्याने काही चौकटी गाळल्या जात. जुन्या-नव्या कथा पुढेमागे छापल्या गेल्या. त्यामुळे लेखक दशकागणिक कसा बदलला, हे इथल्या वाचकाला कळायला मार्गच नव्हता.

आणि भाषा? संवादाच्या फुग्यात मावेल एवढेच मराठी लिहायचे, तेही मुलांना एका दमात वाचता येईल असे, हे अनुवादकाचे काम होते. चाहत्यांना फॉक यांचे नाव पाठ असते, पण मराठी संवाद लिहिणाऱ्याचे नाव क्वचितच कुणाला सांगता येईल. आपल्या मनातला वेताळ अर्धा त्या माणसाचा आहे.

आक्षेपाला इथे उत्तर मिळाले का?

काही प्रमाणात ‘इंद्रजाल’मध्येच मिळाले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा असलेला हा नायक गावकऱ्यांनाच संघटित करून डाकूंशी लढतो. बाहेरून आलेला रक्षक नव्हे, स्वतःचे रक्षण करणारे गाव, हा विचार वेताळाच्या अगदी उलट होता. सुरती यांच्यानंतर जगजित उप्पल यांनीही त्याच्या कथा लिहिल्या. फॉक यांच्यासारखा अखंड काळ बहादूरच्या वाट्याला आला नाही.

मग निकाल काय?

फॉक यांच्यानंतर वेताळ थांबला नाही. टोनी डीपॉल १९९९ पासून रोजची मालिका लिहीत आहेत. जुन्या कथा अमेरिकेत क्रमाने पुस्तकरूपात आल्या आहेत, त्यामुळे लेखकाचे मूल्यमापन आता आठवणीवर सोडण्याची गरज नाही. तसे वाचल्यास सुरुवातीचा फॉक कल्पक पण आपल्या काळाच्या पूर्वग्रहांत अडकलेला, मधला सर्वात समर्थ आणि अखेरचा थकलेला दिसतो. मराठी ‘इंद्रजाल’ची तशी सोय नाही. ते अंक बहुतांशी जुन्या बाजारात आणि घरोघरच्या माळ्यांवर आहेत. कागद पिवळा पडतो, इमारत पुनर्विकासाला जाते, घर आवरताना गठ्ठा रद्दीत निघतो. फॉक यांचे मूळ लेखन टिकेल. त्यांना मराठीत बोलते करणाऱ्यांचे काम मात्र त्या गठ्ठ्यांतच आहे. ते गेले तर निम्म्या वेताळाचे मूल्यमापन करायला काहीच उरणार नाही.