थकबाकी कोणाची आणि व्याज कोणाचें?

केंद्र सरकारनें न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालीं आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्यें नेमला व अहवालाकरितां त्यास १८ महिन्यांची मुदत दिली. दर दहा वर्षांच्या वहिवाटीस अनुसरून या शिफारशींचा अंमल १ जानेवारी २०२६ पासून अपेक्षित आहे, असेंहि सरकारनेंच सांगून ठेविलें आहे. म्हणजे वाढ मागील तारखेची आणि पैसा पुढील तारखेचा, हा जुना प्रकार याहि खेपेस घडणार हें उघड आहे. केंद्रानें ठरविल्यावर राज्य सरकार आपली समिती नेमणार, समिती अहवाल देणार, वित्त विभाग हिशेब मांडणार, आणि तोंपर्यंत शिरूर-दौंडाकडील शाळेचा शिपाई व लेखनिक वाट पाहणार. हें आम्ही तर्कानें म्हणत नाहीं. मागच्या तीन खेपांचा दाखला समोर आहे. पांचव्या आयोगाची वाढ १ जानेवारी १९९६ पासूनची, राज्याचे नियम १९९८ चे. सहाव्याची १ जानेवारी २००६ पासूनची, नियम २००९ चे. सातव्याची १ जानेवारी २०१६ पासूनची, नियम २०१९ चे. विलंब हा आतां अपवाद राहिला नसून तोच नियम होऊन बसला आहे.

सातव्या आयोगाच्या वेळीं काय झालें तें वाचकांनीं नीट पाहावें. १ जानेवारी २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतच्या ३६ महिन्यांची थकबाकी राज्य सरकारनें एकदम न देतां पांच वार्षिक हप्त्यांत देण्याचें ठरविलें. पहिला हप्ता २०१९ सालचा. दुसरा २०२० सालीं यावयाचा, तो कोरोनाच्या सांथीमुळें एक वर्ष पुढें ढकलला गेला व २०२१ सालीं मिळाला. तिसरा २०२२, चौथा २०२३ आणि पांचवा २०२४ सालीं सुटला. ज्यांस भविष्यनिर्वाह निधीची जुनी सोय आहे त्यांचे हप्ते त्या निधींत जमा झाले. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढें नोकरीस लागल्यामुळें ज्यांस जुनें निवृत्तिवेतन नाहीं, त्यांस ते रोखीनें द्यावयाचे होते. खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकेतर नोकरांचा मार्ग याहूनहि लांबचा. लेखनिकानें देयक तयार करावें, मुख्याध्यापकांनीं सही करावी, तें शालार्थ प्रणालींतून पुण्यास वेतन पथकाकडे जावें, तेथें अनुदान शिल्लक असेल तर मंजूर व्हावें, नसेल तर पडून राहावें. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यानें या नोकरांस सेवेचें संरक्षण व वेतनश्रेणी दिली हें खरें. परंतु श्रेणी कागदावर चढल्यापासून पैसा हातीं पडेपर्यंत किती दिवस जावे, हें ठरविण्याचें काम सरकारनें आपल्या सोयीवर सोंपविलेलें दिसतें.

या भेदाचें रूप ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यानें दौंडास जावें. दौंड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. कित्येक कुटुंबें रेल्वेच्या नोकरीवर जगतात. तेथेंच राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, तहसील कचेरी आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत. रेल्वेचा नोकर केंद्राचा, बाकीचे बहुतेक राज्याच्या तिजोरीवर अवलंबून. केंद्रानें सातव्या आयोगाचा निर्णय जुलै २०१६ मध्यें प्रसिद्ध केला आणि मागील सात महिन्यांची थकबाकी ऑगस्टच्या पगाराबरोबर एकरकमी देण्याचें ठरविलें. रुळांच्या अलीकडच्या पॉइंट्समनचा हिशेब २०१६ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास मिटला. पलीकडच्या शाळेतील शिपायाचा २०२४ उजाडल्यावर. दौंडचा दुकानदार दोघांस तेल आणि डाळ एकाच भावानें देतो. शिरुरास रेल्वे नाहीं, म्हणून तेथें ही तुलना रोज डोळ्यांसमोर येत नाहीं इतकेंच. तथापि रांजणगांवच्या कारखान्यांतील वेतनकरारहि पुष्कळदां मागील तारखेपासून लागू होतात, आणि करारावर सही झाल्यावर फरकाची रक्कम आठ वर्षें तुकड्यातुकड्यांनीं घेण्यास तेथील कामगार खुषीनें कबूल होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, त्यांस तो कंटाळवाणा वाटणार नाहीं. राज्याच्या सेवेंतील अगदी खालच्या पायरीचें मूळ वेतन सहाव्या आयोगांत ४,४४० रुपये व त्यावर श्रेणीवेतन १,३००, मिळून ५,७४० रुपये होतें. १ जानेवारी २०१६ रोजीं त्यावर शेंकडा १२५ महागाई भत्ता धरला तर १२,९१५ रुपये होतात. सातव्या आयोगानुसार त्याच पायरीचें वेतन १५,००० रुपये झालें. म्हणजे महिन्यास २,०८५ रुपयांचा फरक. महागाई भत्त्याचे पुढचे फरक व वार्षिक वाढ बाजूस ठेविली, तरी ३६ महिन्यांचे ७५,०६० रुपये सरकारकडे येणें झालें. त्याचा पांचवा भाग १५,०१२ रुपये. हे पैसे सरासरीनें २०१७ च्या मध्यास येणें होते असें धरावें आणि प्रत्येक हप्ता त्या त्या वर्षाच्या मध्यास मिळाला असें समजावें. मग पहिला हप्ता २ वर्षें उशिरा, दुसरा ४, तिसरा ५, चौथा ६ आणि पांचवा ७ वर्षें उशिरा आला. शेंकडा ६ दरानें, तेंहि सरळव्याजानें, या विलंबाचें व्याज सुमारें २१,६०० रुपये होतें. मुद्दलाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक! निधींत जमा झालेल्या रकमेस जमा झाल्या दिवसापासून व्याज मिळतें हें आम्ही विसरत नाहीं. परंतु जमा होण्यापूर्वीच्या काळाचें काय? शाळेच्या शिपायानें महाराष्ट्र सरकारास बिनव्याजी कर्ज दिलें, आणि तें देण्यापूर्वी त्यास कोणीं विचारलें नाहीं.

दुसऱ्यांच्या बाबतींत कायदा इतका उदार नाहीं. लघुउद्योजकानें माल दिला आणि घेणाऱ्यानें ठरल्या मुदतींत, फार तर ४५ दिवसांत, पैसे चुकते केले नाहींत, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानें रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. कुरकुंभच्या व रांजणगांवच्या छोट्या कारखानदारांस हें कलम चांगलें ठाऊक आहे. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट तर या दोन्ही तालुक्यांत घरोघरचीच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें कारखान्यानें १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास शेंकडा १५ व्याज. राज्य सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें हा दर दोन तुकड्यांत देण्याची मुभा कारखान्यांस दिली, तेव्हां शेतकरी न्यायालयांत गेले आणि मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तो शासननिर्णय रद्द ठरविला. उसाच्या पैशाचे दोन तुकडे बेकायदेशीर, तर घामाच्या पैशाचे पांच तुकडे कायदेशीर कसे, असा प्रश्न एखाद्या शिपायानें विचारला तर त्यास काय उत्तर द्यावें?

येथें कायद्याचा एक बारकावा आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. आंध्र प्रदेश सरकारनें २०२० च्या सांथींत नोकरांचे पगार व निवृत्तिवेतन कांहीं काळ अंशतः राखून ठेविलें होतें. तेथील उच्च न्यायालयानें शेंकडा १२ व्याज देवविलें. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें दर ६ वर आणला, पण व्याजाचें तत्त्व कायम ठेविलें. सरकारी वकील म्हणतील कीं, तो पगार ठरलेला व कमावलेला होता. वेतनसुधारणेचा फरक सरकारनें नियम केल्यावरच देय होतो, आधीं नव्हे. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु नियम केल्यानंतरचें काय? २०१९ च्या आरंभीं सरकारनें स्वतःच्या लेखणीनें ‘इतकें देणें आहे’ असें कबूल केलें. त्यापुढचा विलंब तरी देणेकऱ्याचाच समजला पाहिजे. २०१९ च्या मध्यापासून व्याज मोजलें, तर वरच्याच उदाहरणांत २१,६०० ऐवजी सुमारें १२,६०० रुपये होतात. नीतीचा हिशेब मोठा आहे, कायद्याचा कडक हिशेब लहान. सरकारनें दोहोंपैकीं एकहि केलेला नाहीं.

आमचे कांहीं व्यापारी मित्र यावर म्हणतात, ‘सरकारी नोकरास आधींच पुष्कळ आहे, त्याच्या पगाराचा भार शेवटीं आमच्या करांवर.’ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. कचेरींतला नोकर वेळेवर जागेवर सांपडत नाहीं, साध्या उताऱ्यासाठीं माणसास दोन खेपा घालाव्या लागतात, ही तक्रार आम्हीहि केली आहे व पुढेंहि करूं. पण वाढ द्यावी कीं न द्यावी हा एक प्रश्न, आणि दिलेली वाढ वेळेवर द्यावी कीं नाहीं हा दुसरा. पहिल्यावर मतभेद असूं शकतो. दुसऱ्यावर पेढीवर बसणाऱ्या कोणासहि असूं नये. शिवाय चालढकलीची किंमत जनतेसच पडते. १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. त्याच्या मुळाशीं केंद्राच्या बरोबरीनें महागाई भत्ता मिळावा हेंच भांडण होतें. मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं १४ ते २० तारखेपर्यंत झालेल्या संपांत शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर नोकरहि उतरले. जें आज ना उद्यां द्यावयाचेंच, तें इतकें ताणून धरण्यांत सरकारचा फायदा काय तें आम्हांस कळत नाहीं.

परंतु थकबाकीच्या या गलबल्यांत ज्यांची थकबाकीच निघत नाहीं अशांची आठवण कोणास होत नाहीं, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयानें अनुदानित माध्यमिक शाळांतील शिपायाचें पद, असलेला माणूस निवृत्त झाल्यावर, वेतनश्रेणीनें भरावयाचें नाहीं, त्याऐवजीं शाळेस ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यावयाचा, असें ठरलें. ग्रामीण शाळेसाठीं हा भत्ता महिन्यास ५,००० रुपये. घंटा तोच वाजवितो, कुलपें तोच उघडतो, परीक्षेच्या वेळीं पाणीहि तोच पाजतो. पण त्यास आयोग नाहीं, निधि नाहीं, आणि म्हणून थकबाकीहि नाहीं. त्याहून खालीं पोषण आहार शिजविणाऱ्या बाया. केंद्रानें २००९ सालीं त्यांचें मानधन महिन्यास १,००० रुपये ठरविलें. राज्यानें २०२३ सालीं आपल्या भरीनें तें १,५०० वरून २,५०० वर नेलें. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसास १०० रुपये. याच दौंड तालुक्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं निराधार स्त्रियांच्या हातांस काम व मान दोन्ही दिलीं. त्या तालुक्यांतील शाळेच्या चुलीपुढें बसलेल्या बाईस आपण ‘मदतनीस’ म्हणतों आणि तिच्या मजुरीस ‘मानधन’! शब्द गोड केल्यानें मजुरी वाढत नाहीं. किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणें ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालीं वेठबिगारच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणांत सांगितलें. आणि डिसेंबर २०२० मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें तेंच तत्त्व महिना १,००० रुपयांवर राबणाऱ्या शाळेच्या स्वयंपाकिणीस लावलें. अलाहाबादचा निकाल मुंबईस बंधनकारक नाहीं हें आम्ही जाणतों. पण त्यांतील युक्तिवाद खोडून काढणें सोपें नाहीं. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनींहि येथें थोडा विचार करावा. आपल्या हप्त्यासाठीं मोर्चा निघतो तेव्हां भत्त्यावरचा शिपाई व पोषण आहाराची बाई त्यांत किती वेळां असतात?

राज्य सरकारनें आठव्या आयोगाची वाट पाहत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. पुढील देण्याची तरतूद दर वर्षाच्या अर्थसंकल्पांत आतांपासून वेगळी काढतां येते. पूर्ण नियम होईपर्यंत १ जानेवारी २०२६ पासून अंतरिम वाढ देतां येते, म्हणजे थकबाकीचा डोंगरच उभा राहणार नाहीं. जी थोडी राहील ती खालच्या श्रेणीस प्रथम, रोखीनें व एकरकमी द्यावी. हप्ते पाडावयाचेच असतील तर ते वरच्या श्रेणींस पाडावे, आणि नियम झाल्या दिवसापासून प्रत्येक हप्त्यास शेंकडा ६ तरी व्याज जोडावें. भत्त्यावरील शिपाई आणि पोषण आहाराच्या बाया यांची मजुरी किमान वेतनास जोडून द्यावी, यास तर कोणत्याहि आयोगाच्या अहवालाची गरज नाहीं. शिरूर व दौंडच्या लोकप्रतिनिधींनीं विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनांत याविषयीं स्पष्ट प्रश्न विचारावा, आणि वित्तमंत्र्यांचें उत्तर लेखी घ्यावें.