नमुना कॅमेऱ्याचे मोल कशात असते?

१/ जून २०२२. जर्मनीतील वेट्झलार येथे एक जुना कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. रुपयांत शंभर कोटींहून अधिक. ही शून्य मालिकेतील लायका, क्रमांक १०५. विक्रीचे उत्पादन सुरू होण्यापूर्वी, १९२३च्या सुमारास चाचणीसाठी घडवलेल्या वीस-पंचवीस नमुन्यांपैकी एक.

२/ याच मालिकेतील क्रमांक १२२ला २०१८ मध्ये २४ लाख युरो मिळाले होते. दुर्मिळता दोघांची सारखीच. मग किमतीत सहापट अंतर का? क्रमांक १०५ हा लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातला, आणि त्यावर त्यांचे नाव कोरलेले. वस्तू कोणाच्या हातातून गेली याचा पुरावाच तिचे मोल वाढवतो.

३/ आता कोल्हापूर. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी मात्र कॅमेरा स्वतःच घडवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये तो सिद्धीस नेला. पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

४/ हे काम किती कठीण होते? शटर उघडे असताना फिल्मची चौकट निश्चल हवी. ते मिटताच फिल्म नेमकी एक चौकट पुढे सरकायला हवी, आणि हे सेकंदाला अनेकदा. दात्यांत किंचित चूक झाली, की चित्र थरथरते.

५/ आपण मात्र हा सारा खटाटोप ‘पहिला स्वदेशी कॅमेरा’ या तीन शब्दांत आटोपतो. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे, तो उचितच. पण स्तंभ यशाचा असतो. नमुन्याचे खरे मोल फसलेल्या प्रयत्नांत असते. कोणता दाता झिजला, कोणता भाग पुन्हा ओतला, ही नोंद म्हणजेच तंत्रज्ञानाचा इतिहास. ‘पहिला’ या बिरुदाचा अभिमान बाळगताना त्या नोंदीची किंमत न करणे, ही आपल्या इतिहासप्रेमातील मोठी उणीव आहे.

६/ नवी मुंबईतील कित्येक घरांच्या माळ्यावर आजोबांचा कॅमेरा किंवा कारखान्यातले एखादे यंत्र पडून असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याचा क्रमांक, मालक आणि दुरुस्त्या एका कागदावर उतरवाव्यात. लिलावात त्याला भाव येईलच असे नाही. पण त्या कागदाशिवाय उद्याच्या अभ्यासकासाठी ते निव्वळ लोखंड उरेल.