अन्न पोटात शोभते, कातडीवर नव्हे



मुलगा नोकरीनिमित्त नागोयाला असतो. गेल्या वर्षी दोन महिने मी त्याच्याकडे होते. एकदा सुनेची जपानी मैत्रीण जेवायला आली. मी गरम चपाती वाढली, तर तिने हात जोडून विचारले, "यात गहू आहे का?" तिला गव्हाची ॲलर्जी होती. ज्या शहराची किशिमेन, म्हणजे गव्हाच्या चपट्या शेवया, प्रसिद्ध, तिथेच जन्मलेली ही बाई चाळिशीपर्यंत त्या आवडीने खात होती. मग असे झाले तरी काय? ती म्हणाली, "तोंड धुण्याच्या साबणामुळे."

मला ते खरे वाटेना, पण ते खरे आहे. जपानमध्ये तो साबण २०११ साली परत मागवला गेला. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली. तिच्या प्रमुख डॉ. कायोको मात्सुनागा नागोयाजवळच्याच फुजिता विद्यापीठातल्या. ऑक्टोबर २०१४ पर्यंत २,१११ रुग्णांची नोंद झाली. त्यांत बहुतेक बायका होत्या.

साबणात आम्ल व उष्णता वापरून तोडलेले गव्हाचे प्रथिन होते. साबणाने कातडीचा राखणदार थर सैल होतो, आणि रोज चोळताना त्या प्रथिनाचे तुकडे आत शिरत. कातडीखालच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना शत्रू समजल्या आणि शरीराने गव्हाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार केली. मग पाव किंवा शेवया खाल्ल्या की पापण्या सुजत, अंगावर पित्त उठे, कोणाला दम लागे, कोणी बेशुद्ध पडे. खाल्ल्यावर चालणे किंवा व्यायाम झाला की त्रास बळावे. साबण सोडल्यावर बऱ्याच जणींचा त्रास हळूहळू कमी झाला.

तोंडावाटे येणारे अन्न मात्र आतडे सहसा आपले मानायला शिकते. ज्यांची नातवंडे अश्दोद, लोद किंवा दिमोनाला आहेत त्यांना शेंगदाण्याचा 'बांबा' सांगायला नको. डॉ. गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले, की इंग्लंडमधल्या यहुदी मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्राएलमधली मुले बाळपणापासूनच शेंगदाणा खातात. पुढे २०१५ साली त्यांच्याच प्रयोगाने लवकर खाऊ घालण्याचा फायदा सिद्ध झाला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: "नैसर्गिक आहे, लावायला काय हरकत?" हे आपले लाडके वाक्य आता सोडावे. बाळाची कातडी कोरडी, खरजेची, फुटलेली असेल तर बेसन, साय, बदामाचे वाटण तिच्यावर चोळू नये. अशा बाळाला शेंगदाणा कधी व कसा द्यायचा हे डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा तर देऊच नये, घशात अडकतो.

आपल्या वयातही कातडी पातळ व कोरडी होते. साबण किंवा मलमाच्या वेष्टणावर गहू, दूध, बदाम यांची प्रथिने लिहिली आहेत का, ते नातवाकडून वाचून घ्या. जेवणानंतर पापण्या सुजल्या किंवा पित्त उठले, तर काय खाल्ले, काय लावले, चाललो का, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा. मनानेच गहू मात्र बंद करू नका.

आणि ॲलर्जी नसेल तर नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा जरूर खा. त्या मैत्रिणीला मी तांदळाची भाकरी करून वाढली. तिने दोन खाल्ल्या.