आग्रह आवरा!

दिवाळीच्या अंकात मधुमेहाचे नाव काढणे काहींना अभद्र वाटेल. वाटो बापडे! विलायतेत साउथहॉल-लेस्टरकडे वसलेल्या आपल्या पंजाबी-गुजराती बांधवांत हा रोग गोऱ्यांच्या दुपटी-चौपटीने आढळतो, तोही ऐन उमेदीत. यावर ‘तुमचे जेवणच सोडा’ म्हणणारे शहाणे भेटतात. मला हे साफ नामंजूर आहे! डाळ, पालेभाजी, भाकरी यांनी कुणाचे काय वाकडे केले? सणाचे पक्वान्न रोजचे झाले आणि अंगमेहनत सुटली, तिथे बिघडले.

‘आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ हा आपला बचावही तितकाच पोकळ. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांचे आकडे प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२! म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१३ पासून आशियाई माणसाला २५ ऐवजी २३ या अंकालाच सावध करावे असे ठरले.

तरीही पंगतीत आमचे चालूच: ‘एक तरी लाडू, माझी शपथ!’ नको म्हणणारा जणू कुळाचा वैरी! याला पाहुणचार म्हणायचे की जुलूम? संस्कृती जपायची तर भाषा जपा, गाणी जपा; तूप मात्र मोजून वाढा.

आईबापहो, लंडनच्या लेकीला फराळाचा डबा खुशाल धाडा. पण ‘सगळे संपव’ असे लिहू नका. ‘शेजारी वाट आणि रोज चालत जा’ एवढेच लिहा.