पाटीवरचे दोन आकडे



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मुलीकडे अमेरिकेत गेले होते. आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंस?" या खेपेला आम्ही वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या राज्यात गेलो होतो. डोंगर सुंदरच आहेत, फोटो मुलगी पाठवेल. मला सांगायचंय ते वेगळंच.

पहिला मुक्काम हार्पर्स फेरी. दोन नद्यांच्या संगमावरचं टुमदार गाव. गुलामांच्या हाती शस्त्रं द्यावीत म्हणून जॉन ब्राउन या गोऱ्या माणसाने १८५९ साली मूठभर साथीदारांसह इथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. आगीचे बंब ठेवायच्या छोट्याशा इमारतीत तो कोंडला गेला, पकडला गेला आणि पुढे फाशी गेला. ती इमारत लोकांनी किती जपावी! १८९१ साली शिकागोला नेली (हो, विवेकानंद दोन वर्षांनी गेले तेच शहर), परत आणून एका शेतावर उभी केली, मग कॉलेजच्या आवारात, आणि १९६८ मध्ये मूळ जागेच्या जवळ. मला फार कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी हॉक्स नेस्टला गेलो. कड्यावरून खाली न्यू रिव्हर दिसते. तिचं पाणी डोंगरातून वळवून वीज करण्यासाठी १९३० साली तिथे जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. मंदीचे दिवस, दक्षिणेकडून पोटासाठी आलेले मजूर, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. खडकात सिलिका भरपूर. पाणी न मारता कोरडंच खणलं की काम लवकर उरकतं, पण धूळ उडते. ती छातीत जाऊन धडधाकट माणसं काही महिन्यांत मेली.

रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे, बस्स. इतर पाट्यांसारखीच. पण तिच्यावर दोन आकडे आहेत. कबूल केलेले मृत्यू १०९, आणि अमेरिकन काँग्रेसपुढच्या सुनावणीतला आकडा ४७६. मार्टिन चेर्निएक या डॉक्टरांनी १९८६ साली पुस्तक लिहिलं, त्यांचा अंदाज ७६४ चा. कारण आजारी मजूर गावोगावी निघून गेले आणि तिकडे मेले. त्यांना कोण मोजणार?

एक गोष्ट मात्र पाटीवर नाही, कंपनीचं नाव. बोगदा खणवून घेत होती ती युनियन कार्बाइडची उपकंपनी. जावयाने हे सांगितलं आणि मी गाडीत गप्प बसले. मंडळी, हे नाव आपल्याला वेगळ्या गावावरून माहीत आहे.

आता कबुली देते. भोपाळची वायुगळती २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. त्यानंतरच्या वर्षी मी वर्गाची सामान्यज्ञान चाचणी काढली होती. "भोपाळ दुर्घटनेत किती माणसे दगावली?" गुण एक. वर्तमानपत्रातला आकडा मी उत्तर म्हणून धरला होता. एका मुलाचे मामा भोपाळला होते. त्याने लिहिलं, "अजून मरत आहेत." मी लाल शाईने फुली मारली. उत्तर आकड्यात हवं, असा शेराही लिहिला.

पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले आणि पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगत राहिल्या. म्हणजे त्या मुलाचंच उत्तर बरोबर होतं.

माझं मत असं, की ऐतिहासिक स्थळ जपायचं म्हणजे नुसत्या विटा जपायच्या नाहीत. जिथे माणसं मेली आणि नीट मोजलीसुद्धा गेली नाहीत, तिथल्या पाटीवर आकड्यांचा वादही लिहिलेला असावा. एकच आकडा कोरला की लोक तो पाठ करतात आणि प्रश्न मिटला असं समजतात. मी स्वतः तीस वर्षं मुलांकडून तेच करून घेतलं. हॉक्स नेस्टची पाटी एवढीशी, कंपनीचं नाव न घेणारी, पण दोन आकडे शेजारी ठेवण्याचा प्रामाणिकपणा तिच्यात आहे. तेवढा आपल्या पाट्यांतही यावा, आणि पाठ्यपुस्तकांतही.

पाणी वळवण्यासाठी डोंगर फोडणं, धरणं बांधणं आपल्याकडेही झालं. तुमच्या गावाजवळ असं काही बांधताना माणसं गेली असतील, तर त्यांची नावं कुठे लिहिली आहेत का? ठाऊक असेल तर मला जरूर कळवा.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कुठे असतो, माहीत नाही. त्याचा एक गुण माझ्याकडे राहिला आहे.