महामार्गाचा नंबर आणि आपला गट नंबर

गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या वेळी एक सभासद गट कार्यालयात वर्तमानपत्राचे जुने पान घेऊन आले. पानावर सोलापूर रस्त्यासाठी भूसंपादनाची जाहीर सूचना होती आणि तीत त्यांचा गट नंबर छापलेला होता. "साहेब, पान महिनाभर घरातच पडून होतं. वर पासष्ट नंबर लिहिलेला. आपला रस्ता नऊ नंबरचा, म्हणून पोरानं पुढं वाचलंच नाही," असे ते म्हणाले. हरकतीची मुदत उलटून गेली होती. त्यांची विहीर आणि पाइपलाइन नेमकी रस्त्याच्या अंगाला आहे.

यात हसण्यासारखे काही नाही. आम्हीसुद्धा अजून सातारा रस्त्याला 'चार नंबर'च म्हणतो. पण जुन्या नंबराची सवय आता महागात पडू लागली आहे, म्हणून पुण्यातल्या रस्त्यांची हकिकत सभासदांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

पुण्यात पूर्वी तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येत. ठाण्याकडून येऊन सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करीत चेन्नईला जाणारा ४. पुण्यातून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत मच्छलीपट्टणला जाणारा ९. आणि नाशिकचा ५०. चार नंबर तर शहराच्या पोटातून जाई. पिंपरी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, मग स्वारगेट आणि कात्रजचा घाट. मुंबईकडे निघालेला गुळाचा ट्रकसुद्धा पुणेकरांच्या सायकलींमधून वाट काढीत असे.

पुढे देहूरोड ते कात्रज असा वळणरस्ता शहराच्या पश्चिमेने निघाला. वाकड, बाणेर, बावधन, वारजे, आंबेगाव ही तेव्हाची शेतीची गावे. चार नंबर शिवाजीनगर-स्वारगेट सोडून या गावांच्या रानात जाऊन बसला. म्हणजे नंबर तोच राहिला आणि रस्ता मात्र बदलला. नंबर गेला तशी शहरातल्या जुन्या रस्त्याची निगा महापालिकांकडे आली, आणि वळणरस्त्याकाठच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्यांनी घाईने तुकडे विकले त्यांना ते भाव दुसऱ्याच्या हातात पाहावे लागले. आज त्याच चांदणी चौकात शेताचे नावही नाही. तिथला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे सुरुंगाने पाडला आणि २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले.

२०१० साली उलट झाले. रस्ते होते तिथेच राहिले आणि केंद्र सरकारने देशभरचे नंबर नव्याने लावले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम असा हिशेब. चारचा झाला ४८, आणि तो आता दिल्लीपासून सुरू होतो. नऊचा झाला ६५, पन्नासचा ६०. तीन आकडी नंबर दिसला की तो फाटा समजावा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. हडपसरहून दिवे घाट, सासवड, जेजुरीवरून पंढरपूरकडे जाणारा माउलींच्या पालखीचा मार्ग ९६५ आहे, म्हणजे पासष्टचाच फाटा. पाटस, बारामती, इंदापूरकडून जाणारा तुकोबांच्या पालखीचा ९६५-जी. हिशेब चांगला आहे, आमची तक्रार त्याबद्दल नाही. पण इतक्या वर्षांनंतरही सूचनेत नव्या नंबरापुढे 'जुना ९' एवढे दोन शब्द छापायला शाईच लागते ना? ते छापले पाहिजेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आपण काय करायचे? सूचनेतला महामार्गाचा नंबर सोडून द्या. आधी तालुका बघा, मग गाव, मग गट नंबर. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात आली की एकवीस दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. विहीर, पाइपलाइन, ऊस काढायची वाट, जे काही असेल ते कारणासह तेव्हाच लिहून द्या आणि पोच घ्या. पुढे कलम ३-ड ची घोषणा झाली की जमीन सरकारची होते. मग राहतो तो मोबदल्याच्या रकमेचा वाद, आणि तो लवादापुढे.

आणखी एक गोष्ट आम्ही नेहमी सांगतो, काहींना ती आवडत नाही. रस्ता आला की एजंट येतो आणि भावाभावांना वेगवेगळे गाठतो. याच सोलापूर रस्त्यालगत हडपसरला मगरपट्ट्यातल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन, बहुतेक उसाचीच, एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक होऊन २००० सालापासून तिथे स्वतःच नगर वसवले. साऱ्यांना ते जमेल असे नाही. शहराला चिकटलेली जमीन त्यांच्याकडे होती, आपल्याकडे ती नाही. पण सही करण्यापूर्वी चार भाऊबंद एका ओसरीवर बसायला काय हरकत आहे?

पुण्याभोवती आता पूर्व आणि पश्चिम असा नवा वर्तुळाकार रस्ता होत आहे. पाहुणे-सोयरे त्या पट्ट्यात असतील तर त्यांनाही हे कळवा. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आम्ही गट कार्यालयात नोंदवहीच्या टेबलामागे लावला आहे. नोंद द्यायला याल तेव्हा सातबारा सोबत आणा, आपला गट कोणत्या रस्त्याला लागतो ते तिथेच बघून घेऊ.