खाण्याचं नाव माणसाला नको

‘ए मोमो’, ‘ए चाउमीन’. ईशान्य भारतातून अमरावतीला शिकायला आलेल्या मुलामुलींना रस्त्यावर अशा हाका मारणारे आपल्यातलेच आहेत. मी त्या हाका ऐकल्या आहेत. ‘गंमत केली भाऊ, एवढं काय त्यात’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तरही ऐकलं आहे. त्यात काय आहे, तेच आज सांगायचं आहे.

ही खोड जुनी आहे आणि जगभर आहे. फ्रेंचांनी इंग्रजांकडून भाजलेल्या गोमांसाचा शब्द उचलला, त्याचा ‘रोझबीफ’ केला आणि पुढे इंग्रज माणसालाच ते नाव ठेवलं. पोटासाठी फ्रान्समध्ये आलेल्या इटालियन मजुरांना तिथे ‘माकारोनी’ म्हणत. ऑगस्ट १८९३ मध्ये फ्रान्समधल्याच एग-मोर्त इथल्या मिठागरांवर जमावाने याच इटालियन मजुरांना ठार मारलं. कारण मजुरीच्या भांडणाचं होतं. पण ज्यांना आधीच माणूस म्हणून मोजणं सोडलेलं असतं, त्यांच्यावर हात लवकर उठतो.

आपल्या मुंबईनेही हेच केलं. पोर्तुगिजांकडून आलेला पाव गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, गावोगाव पोचवला. यीस्ट मिळेना तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबवलं. रोजगारासाठी मुंबईत आलेले गोंयकार धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये राहत. कुणी बोटीवर खलाशी, कुणी स्वयंपाकी, कुणी वादक. मुंबईकरांनी या ख्रिस्ती गोवेकरांना एकच नाव दिलं, ‘माकापाव’. कोकणीतल्या ‘माका पाव’, म्हणजे ‘मला पाव’, या दोन शब्दांत अख्खा समाज गुंडाळून टाकला. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालकडे होता, त्यामुळे या नावात ‘तुम्ही परके’ हेही होतंच.

ज्यांना हे नाव पडलं ते कोण होते? सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’त या गुरूचं नाव गाण्यात घेऊन शिष्याने ऋण फेडलं. आकोट-दर्यापूरच्या टॉकीजमध्ये आपल्या आईवडिलांनी जी गाणी ऐकली, ती या लोकांनी सजवलेली होती.

आपल्या वऱ्हाडाला परक्याचं अन्न आपलं करायला वेळ लागत नाही. शेगावची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी सुरू केली, आणि आज ती आपण पाहुण्यांना अभिमानाने खाऊ घालतो. अकोल्यात संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर उभं राहायला जागा नसते. पदार्थाला आपण एवढ्या सहज घरात घेतो, मग माणसालाच दारात का अडवतो?

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलचा नीडो तानिया हा तरुण मारहाणीनंतर गेला. सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या टिंगलीने झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हेटाळणीविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलमं घालावीत अशी शिफारस केली. पण रस्त्यावरची हाक थांबवायला दर वेळी पोलीस येणार नाही. तिथे आपणच असतो.

अमरावतीवर ही जबाबदारी जास्त आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेला होता. तेव्हा त्या दूरदेशी परके आपण होतो. आज त्याच गावात दूरदूरची मुलं खेळ शिकायला येतात. पुण्या-मुंबईत आपल्या ‘व्हय’ला आणि ‘बाप्पा’ला कुणी हसलं की आपल्याला किती लागतं, हे शिकायला गेलेल्या प्रत्येक वऱ्हाडी पोराला माहीत आहे.

म्हणून घरमालकांना, दुकानदारांना, मास्तरांना माझी विनंती आहे. अशी हाक कानावर आली की तिथल्या तिथे टोका, मग तो आपलाच पोरगा का असेना. आणि त्या मुलांना त्यांचं नाव विचारा. उच्चार जमला नाही तर पुन्हा विचारा, पण नावानेच हाक मारा.